मुलगी शिकायला गेली, तिच्या जागी घरात कोण? ऊसतोड कुटुंबातलं एक प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या मुलीचं आहे. जून 2023 ते जुलै 2025 हा त्याचा काळ. आठवी झाल्यावर ती शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेली, सहा महिन्यांत परत आली, पुन्हा गेली आणि ही नोंद करताना (जुलै 2025) तालुक्याच्या गावी अकरावीत आहे. मुलगी, तिचे आईवडील, आजी, गावातल्या शाळेचे गुरुजी, शहरातल्या वर्गशिक्षिका आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका यांच्याशी बोलून ही मांडणी केली आहे. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

अशा मुलींचा विचार करताना हिशोब होतो तो त्यांच्या खर्चाचा: फी, पुस्तकं, राहणं, जेवण. इथे तो सगळा हिशोब जमला होता, तरीही बेत मोडला. तो कशामुळे मोडला ते नीट लिहून ठेवणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं.

पार्श्वभूमी

तांडा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, गावाला लागून. जमीन दोन एकर, कोरडवाहू. कापूस नाहीतर बाजरी, आणि पाऊस चुकला तर तेही नाही. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते. ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांत मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

घरात आईवडील, ही मुलगी, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ आणि वडिलांची आई. वडील दुसरीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलेली नाही. आजीला मोतीबिंदूमुळे संध्याकाळनंतर जवळजवळ दिसत नव्हतं.

मुलगी आठवीपर्यंत टिकली ती हंगामी वसतिगृहामुळे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुलं गावातच राहावीत म्हणून समग्र शिक्षा अभियानातून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ही सोय केली जाते. हंगामापुरतं जेवण आणि रात्रीचा निवारा. पाचवीपासून चार हंगाम ती तिथे राहिली. प्रत्यक्षात मात्र ती निम्मी वसतिगृहात आणि निम्मी घरी असायची. पहाटे घरी जाऊन पाणी भरायचं, भावाला आंघोळ घालायची, आजीच्या हातात चहा द्यायचा आणि मग शाळा. संध्याकाळी पुन्हा घर. भाऊ फडावर न जाता तांड्यावर राहू शकत होता तो आजीमुळे, असं सगळे सांगत. खरं तर तो राहत होता या मुलीमुळे. ही गोष्ट कुठल्याही नोंदवहीत नव्हती आणि पुढे सगळं त्याच ठिकाणी अडलं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सहावीपासून ती टोळीचा, म्हणजे एकत्र तोडणीला जाणाऱ्या गटाचा हिशोब वाचून दाखवायची. एप्रिलमध्ये माणसं परतली की वजनाच्या पावत्या, उचल, खाडे, मध्येच घेतलेले पैसे असं सगळं घेऊन चार-पाच घरांची माणसं तिच्याकडे येत. ती वहीत दोन रकाने आखून बेरीज करायची. तांड्यावर तिला मान होता तो यासाठी.

प्रश्न

शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयापर्यंतचा. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीला संपते आणि हंगामी वसतिगृहही त्याच वयोगटापुरतं असतं. म्हणजे 2023 च्या उन्हाळ्यात शाळा आणि निवारा दोन्ही एकाच दिवशी संपणार होते.

त्याच वर्षी तिने राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा दिली होती. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर असतात. ती निवडली गेली. नववी ते बारावी महिन्याला 1,000 रुपये, वर्षाचे 12,000. त्या शाळेतून ही शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली मुलगी, असं गुरुजी सांगतात.

दुसऱ्या बाजूला लग्नाची चर्चा सुरू झाली होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तांड्यावर सगळ्यांना माहीत आहे. पण लग्न लागलं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला नवी उचल मिळते. आईवडील सहा महिने बाहेर असताना वयात आलेल्या मुलीची काळजी हे दुसरं कारण, आणि ते खोटं नाही. फडावरच्या कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, दार नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय 11 किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावातल्या हायस्कूलचा. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडी फाट्यापर्यंतच येते आणि तिथून तांडा तीन किलोमीटर. हिवाळ्यात परतताना अंधार पडतो. नेमक्या त्याच महिन्यांत घरी मोठं माणूस म्हणजे न दिसणारी आजी. वडिलांनी याला नकार दिला आणि मला तो नकार वाजवी वाटतो.

दुसरा कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचा. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथे मोफत. पण सरकारी निवासी शाळेतल्या विद्यार्थ्यांना एनएमएमएस मिळत नाही. चार वर्षांचे 48,000 रुपये सोडायचे, आणि तेही मुलीने स्वतः परीक्षा देऊन मिळवलेले. गुरुजींना ते पटेना. शिवाय या जागांवर आधी शाळाबाह्य मुलींचा हक्क, असं त्यांचं मत होतं.

तिसरा पर्याय तालुक्याच्या गावचा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं मंजूर झाली. त्यांच्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह सुरू झालेलं होतं. तिथे राहून गावातल्या अनुदानित शाळेत शिकलं असतं तर शिष्यवृत्तीही टिकली असती. त्यासाठी वडिलांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागत होतं, आणि ते ग्रामसेवकाकडून मिळायचं. वडिलांकडे ते नव्हतं. मेमध्ये अर्ज दिला. ग्रामसेवकाकडे दोन गावांचा कारभार होता, जून उजाडला तरी कार्ड हातात आलं नाही आणि पाठपुरावाही कुणी केला नाही.

चौथा छत्रपती संभाजीनगरचा. तिथल्या एका विश्वस्त संस्थेचं मुलींचं मोफत वसतिगृह, त्याला लागून अनुदानित शाळा. संस्थेचे कार्यकर्ते एप्रिलमध्ये गावात येऊन गेले होते. त्यांनी इमारतीचे फोटो दाखवले, ग्रंथालय दाखवलं, अर्ज तिथेच भरून घेतला.

आणखी एक पर्याय कुणी तोंडाने बोललं नाही, तरी तो सगळ्यांच्या मनात होता: दिवाळीला आईवडिलांबरोबर फडावर जायचं आणि उन्हाळ्यात लग्न.

पहिला निर्णय

मेच्या शेवटी गुरुजी तांड्यावर आले. वडील म्हणाले, "सर, एवढ्या लांब पोरगी ठेवायची म्हंजी लोक काय म्हणतील?" आई मध्ये फारशी बोलत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "टोळीत हिशोब कुणाला येत न्हाई म्हणून आपण दरसाल फसतो. हिला येतो. हिला जाऊ द्या." तांड्याच्या नायकाने आईची बाजू घेतली आणि ठरलं.

ही बैठक मे महिन्यात झाली, हे लक्षात ठेवायला हवं. तेव्हा आईवडील घरी होते. आई स्वयंपाक करत होती, भाऊ तिच्या पदराला होता, आजीकडे बघायला माणसं होती. मुलगी गेल्याने घरात जी जागा रिकामी होणार होती ती मेमध्ये कुणाच्या डोळ्यांना दिसलीच नाही. ती नोव्हेंबरात दिसणार होती. शाळाप्रवेशाचं वर्ष जूनला सुरू होतं, ऊसतोड कुटुंबाचं दिवाळीला. दोन्ही वर्षं समोर ठेवून निर्णय घेतला गेला नाही.

कागदपत्रांत बराच वेळ गेला. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला मिळाले. जातीच्या दाखल्याला मात्र महिना लागला. विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात आणि आजोबा कधी शाळेत गेलेलेच नव्हते. अखेर एका चुलत आजोबांचा जुन्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा सापडला, त्याला वंशावळीचं शपथपत्र जोडलं. ज्या घरातलं पहिलं माणूस आत्ता शिकतंय, त्या घराकडे साठ वर्षांपूर्वीचा शाळेचा कागद मागायचा, ही अट आहे तोवर दरवर्षी कुणीतरी गुरुजी असा उतारा शोधत फिरणार.

शहरातले पहिले महिने

सुरुवातीला तिला भाषेचं जड गेलं. घरी गोरमाटी ही बंजारा बोली, शाळेत मराठी, आणि आता वर्गात इंग्रजी शब्दांनी भरलेली मराठी. बोलण्याच्या लकबीवरून हसणाऱ्या मुली होत्या. वर्गशिक्षिकेने त्यावर भाषण दिलं नाही. तिने फळ्यावर व्याजाची उदाहरणं घातली आणि या मुलीला सोडवायला उभं केलं. चक्रवाढ व्याज तिला सूत्राशिवाय येत होतं. सहामाहीत गणितात ती वर्गात वरच्या पाचांत होती, इंग्रजीत जेमतेम पास. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज नव्या शाळेने वेळेत पडताळून पुढे पाठवला.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. आजी चुलीजवळ चाचपडताना तिने पाहिली. तिला कळलं, पण ती बोलली नाही. "बोलले असते तर परत पाठवलंच नसतं," असं ती आज सांगते. चौदा वर्षांच्या मुलीने हे एकटीने ओळखलं आणि एकटीने मनात ठेवलं, कारण असं काही कुणाला सांगायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर ती शहरात गेली आणि आईवडील भावाला घेऊन सांगलीकडे. आजी पुतण्याच्या घरी जेवायला जाऊ लागली.

डिसेंबर: दाखल्याची मागणी

फडावर भाऊ आजारी पडला. ताप उतरला, तरी त्याला कोपीत एकटं ठेवता येईना. आई त्याच्यापाशी थांबली की कोयता निम्मा होतो, आणि हंगामाच्या ऐन मध्यात खाडे पडू लागले की उचल फिटत नाही. डिसेंबरच्या मध्याला वडील रात्रीच्या एसटीने निघून सकाळी थेट शाळेत आले.

"बाई, पोरीचा दाखला द्या. लेकराला सांभाळायला कुणी न्हाई."

सगळ्या प्रकरणातला हा मोठा निर्णयबिंदू. पालकाने दाखला मागितला तर शाळा सहसा देऊन टाकते. वर्गशिक्षिकेने तसं केलं नाही. तिने वडिलांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "दादा, तुम्हाला दाखला पाहिजे की पोरगी पाहिजे?" वडील म्हणाले, "पोरगी." "मग पोरगी न्या. दाखला इथंच राहू द्या. रजेचा अर्ज लिहा, एप्रिलच्या परीक्षेला आणून सोडा."

एकदा दाखला निघाला की पटावरून नाव जातं. वर्षाच्या मध्यात फडाजवळचं कुठलं हायस्कूल तिला नववीत घेणार? स्थलांतरित मुलांना दुसरीकडे शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, पण त्याचा उपयोग प्राथमिक वर्गांपुरता. शिवाय एनएमएमएस टिकवायची तर नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावं लागतं. दाखला निघाला असता तर वर्ष गेलं असतं आणि शिष्यवृत्तीही गेली असती.

वसतिगृहाच्या अधीक्षिकांनीही तिची खाट मार्चपर्यंत दुसरीला दिली नाही. संस्थेच्या नियमात हे बसत नव्हतं. त्यांनी ते आपल्या जबाबदारीवर केलं. मुलीला थांबवून धरायचा प्रयत्न दोघींनी केला नाही, आणि ते मला बरोबर वाटतं. थांबवली असती तर वडील पुन्हा आले असते, ते रागाने, आणि दाखला घेऊनच गेले असते.

फडावरचे तीन महिने

दिवसभर भाऊ, कोपी, पाणी, स्वयंपाक. वर्गशिक्षिका वडिलांच्या मोबाइलवर धड्यांचे फोटो पाठवायची. मोबाइल संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याकडे चार्ज व्हायचा, त्यामुळे अभ्यास रात्री आठनंतर, तोही रोज नाही.

जानेवारी 2024 मध्ये साखर कारखाने आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली: टनाला 273 रुपयांवरून 366. टोळीत ही बातमी उडत उडत आली. मुकादम मात्र जुन्याच दराने मांडणी करत होता. मुलीने पावत्या गोळा केल्या. आईवडिलांचे तोपर्यंत 140 टन भरले होते. टनामागे 93 रुपये, म्हणजे 13,020 रुपयांचा फरक. तिने टोळीतल्या सगळ्या कोयत्यांचा हिशोब असाच मांडून दिला. बाप्ये तो कागद घेऊन मुकादमाकडे गेले. त्याने आधी टाळाटाळ केली, मग फरक उचलीत वळता केला.

वडिलांचा कल बदलला तो इथे. त्याच महिन्यात टोळीतल्याच एका घराकडून मुलीला मागणी आली होती. मुलगा वीस वर्षांचा, पुढच्या हंगामाला जोडी तयार. वडिलांनी थेट नकार दिला नाही. "परीक्षा होऊ द्या" म्हणून वेळ मारून नेली. आईने मात्र त्या घराच्या बाईला स्पष्ट सांगितलं की अठराच्या आत विषय काढायचा नाही. मुलीला हे बोलणं कोपीतून ऐकू आलं होतं. वेळ आलीच तर फोन करायचा म्हणून 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीचा नंबर तिने वहीच्या मागे लिहून ठेवला होता. तो वापरावा लागला नाही. पण तो तिला पाठ होता, कारण शहरातल्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेला होता.

एप्रिलमध्ये वडिलांनी शब्द पाळला. मुलगी आणि आई एसटीने शहरात गेल्या. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे भाडं जमलं, आणि तेही आईने वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून बाजूला ठेवलेल्या पैशांतून. नववीत 58 टक्के मिळाले. बीजगणितातले तीन धडे तिने कोरे सोडले होते.

दुसरा निर्णय

मे 2024 मध्ये पुन्हा बैठक बसली. या वेळी गुरुजींनी विचारलेला पहिला प्रश्न मुलीबद्दल नव्हता. "दिवाळीनंतर बारक्याला कोण बघणार, म्हातारीला कोण बघणार?" यांची उत्तरं मिळेपर्यंत शहराचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दहावीसाठी पर्याय होते: पुन्हा शहर, बाजाराच्या गावचं हायस्कूल किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा. सतरा नंबरचा सल्ला नात्यातल्या एकाने दिला. "घरी बसून दहावी होते" म्हणून. वर्गशिक्षिकेने फोनवर विरोध केला. घरी बसणं म्हणजे घरात राबणं, आणि नियमित विद्यार्थिनी राहिली नाही तर शिष्यवृत्तीही जाणार.

मग घराची सोय झाली ती अशी. भावाला सहा पूर्ण झाली होती, त्यामुळे जूनमध्ये पहिलीत नाव घालून तो हंगामी वसतिगृहाला पात्र झाला. वसतिगृह बहुतेक वर्षी उशिरा सुरू होतं. माणसं दिवाळीला निघतात आणि मंजुरी डिसेंबरात येते. म्हणून मुख्याध्यापकांनी सप्टेंबरातच यादी करून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पाठवला. मधल्या दोन आठवड्यांसाठी भावाला अंगणवाडी सेविकेच्या घरी ठेवायचं ठरलं. तिला त्याचे पैसे द्यायचे, हेही ठरलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशी कामं बायकांकडून फुकट करून घ्यायची सवय सगळ्यांनाच आहे. आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन जुलैमध्ये जिल्हा रुग्णालयात मोफत झालं. सोबत जायला वडील होते, कारण जुलैमध्ये ते गावात असतात.

नववीच्या शिष्यवृत्तीचे पैसे जूनमध्ये खात्यावर आले. त्यातून सेविकेचे पैसे वेगळे काढले, उरलेले मुलीच्या वह्या-पुस्तकांना. भावाच्या सांभाळाचा खर्च मुलीच्या शिक्षणाच्या खर्चात धरला गेला तो तेव्हा पहिल्यांदा.

काय झालं

दहावीचं वर्ष अखंड पार पडलं. फडावरून दर रविवारी फोन यायचा आणि गुरुजी पंधरा दिवसांनी भावाची खबर शहरात कळवायचे. नववीत सुटलेलं बीजगणित भरून काढायला दिवाळीपर्यंतचा काळ गेला, इंग्रजी शेवटपर्यंत कच्चंच राहिलं. मे 2025 मध्ये निकाल लागला: 67 टक्के. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीत 60 लागतात, ते मिळाले. वर्गशिक्षिकेची अपेक्षा 80 च्या वरची होती. तो फरक म्हणजे फडावरचे ते तीन महिने, असं त्या सरळ सांगतात.

अकरावीला शाखेवरून वाद झाला. हुशार मुलगी म्हणजे सायन्स, असं शहरातले कार्यकर्ते, नातेवाईक आणि तांड्यावरची शिकलेली पोरं असे सगळेच धरून चालले होते. मुलीने कॉमर्स घेतलं. हिशोब तिला आवडतो आणि त्यातलं काम मिळवायला बारावीनंतर मोठ्या कोचिंगची गरज नाही, एवढं तिने शोधून काढलं होतं. विश्वस्त संस्थेचं वसतिगृह दहावीपर्यंतच होतं. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. तिने पसंतीक्रमात तालुक्याचं कनिष्ठ महाविद्यालय पहिलं भरलं, आणि वडिलांचं ओळखपत्र एव्हाना हातात आलेलं असल्यामुळे राहायला भगवानबाबा वसतिगृह मिळालं. आता ती महिन्यातून एकदा घरी येते.

वेगळं काय करता आलं असतं

तालुक्याचा पर्याय 2023 मध्येच नेटाने धरायला हवा होता. एक कार्ड वेळेत मिळालं असतं तर मुलगी घराच्या जवळ राहिली असती, आजी-भावाची अडचण आठवड्याभरात गुरुजींच्या कानावर गेली असती आणि डिसेंबरची धावपळ कदाचित टळली असती. लांबचा पर्याय निवडला गेला, कारण त्याची माणसं गावात येऊन गेली होती आणि अर्ज हातात ठेवून गेली होती. जवळच्या पर्यायासाठी कुणी तांड्यावर आलं नाही. यावर मुलीचं म्हणणं वेगळं आहे, आणि तेही नोंदवायला हवं. शहरात गेले नसते तर गणित सोडवायला सगळ्यांपुढे उभी राहिले नसते, ग्रंथालय पाहिलं नसतं, आणि मग कॉमर्स निवडायचं धाडसही झालं नसतं, असं ती म्हणते. माझं बरोबर की तिचं, हे मी ठरवू शकत नाही.

पहिल्या बैठकीत मुलीच्या रोजच्या कामांची यादी करायला हवी होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती काय काय करते आणि ती गेल्यावर त्यातलं प्रत्येक काम कुणाकडे जाणार, हे लिहून काढायला तासभर लागतो. तेवढ्या यादीतून भावाचा आणि आजीचा प्रश्न मेमध्येच समोर आला असता. आजीचं ऑपरेशन वर्षभर आधी होऊ शकलं असतं.

वसतिगृहाने दिवाळीनंतर प्रत्येक मुलीशी निवांत बोलायला हवं होतं. सुट्टीत घरी काय पाहिलं, घरी आता कोण आहे, आईवडील कुठल्या कारखान्याला गेले? हे तीन प्रश्न विचारले गेले असते तर वडील येण्याआधी महिनाभर मिळाला असता. अधीक्षिकांनी पुढच्या वर्षापासून हे सुरू केलं आहे, आणि ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींच्या खाटा हंगामभर राखून ठेवायचा ठरावही संस्थेकडून करून घेतला आहे. दाखल्याबाबत शाळेत अजून लेखी काही नाही. ती वर्गशिक्षिका बदलून गेली तर पुढच्या बापाला कोण बसवून विचारणार, याचं उत्तर शाळेकडे नाही.

भावाची सोय वर्षागणिक नव्याने करावी लागणार आहे, कारण हंगामी वसतिगृहाची मंजुरी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदाची यादी ऑगस्टअखेर पाठवायची असं मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. मुलीच्या जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच द्यायचा आहे, त्यासाठी चुलत आजोबांच्या उताऱ्याची नवी प्रत काढावी लागेल. ते काम टोळी निघायच्या आत करायचं वडिलांनी अंगावर घेतलं आहे.